समुद्राचा वाफसा : ‘कार्यक्षम जहाज’ म्हणजे नेमकं काय, याचा दीडशे वर्षांचा शोध

पीएच.डी.ची तयारी करणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, संशोधन आराखड्यांच्या शीर्षकांत सगळ्यात जास्त वेळा भेटणारा शब्द म्हणजे ‘कार्यक्षमता’. अमुक पंपाची कार्यक्षमता वाढवणे, तमुक सौर पॅनेलची कार्यक्षमता सुधारणे. मुलाखतीत समोरचे सर किंवा मॅडम शांतपणे एकच विचारतात, “कार्यक्षमता म्हणजे काय भागिले काय?” आणि बरेच जण तिथेच अडखळतात. अंशात काय घ्यायचं हे बहुतेकांना माहीत असतं. छेदात काय घ्यायचं, याचा विचार झालेला नसतो.

आज याच प्रश्नाचा इतिहास सांगते, पण एका अगदी वेगळ्या यंत्राच्या निमित्ताने. समुद्रात उभ्या असलेल्या पवनचक्क्यांपर्यंत माणसं आणि सुटे भाग नेणारी जहाजं. आपल्या उमरीत बसून समुद्रावर लिहायचं म्हणजे थोडं गमतीचंच. पण या विषयाची किल्ली मला सापडली ती आपल्याच काळ्या रानात. ती किल्ली म्हणजे वाफसा.

शेतकऱ्याच्या घरातल्यांना सांगायला नको. पाऊस पडून गेला की लगेच रानात शिरता येत नाही. चिखलात ट्रॅक्टर रुततो, पेरलेलं सडतं. जमीन हळूहळू वाळते आणि मधे दोन-चार दिवस असे येतात की ओल आहे पण पाय रुतत नाही. तो वाफसा. त्या दिवसांत पेरणी उरकली तर उरकली. आता मला सांगा, ट्रॅक्टर एकरी किती डिझेल खातो हे महत्त्वाचं की वाफशाच्या तीन दिवसांत तो किती एकर उरकतो हे महत्त्वाचं? दोन्ही ‘कार्यक्षमता’च आहेत, फक्त छेद वेगळा.

बीड, धाराशिवच्या माळावर पवनचक्की बंद पडली तर तंत्रज्ञ जीपमध्ये बसतात आणि पायथ्याशी जाऊन शिडी चढतात. समुद्रात जीपच्या जागी जहाज येतं आणि रस्त्याच्या जागी लाटा. लाटांनाही वाफसा असतो. इंग्रजीत त्याला ‘वेदर विंडो’ म्हणतात. मला वाफसा हाच शब्द जास्त नेमका वाटतो, कारण त्यात वाट बघणं आहे.

इतिहास सुरू करायचा तर इंग्लंडमधल्या विल्यम फ्रूड यांच्यापासून. हे गृहस्थ रेल्वेचं काम करणारे अभियंते. इसाम्बार्ड ब्रुनेलने त्यांना ‘ग्रेट ईस्टर्न’ या अवाढव्य जहाजाच्या डुलण्याचा प्रश्न घातला आणि ते जहाजांकडे ओढले गेले. त्या काळी जहाजाचा चांगला आकार कोणता यावर मोठे वाद होते, पण मोजमाप फारसं नव्हतं. १८६७ मध्ये फ्रूडने डार्ट नदीवर दोन प्रकारच्या प्रतिकृती ओढून पाहिल्या. एकीचं नाव ‘रेव्हन’, टोकं अणकुचीदार. दुसरी ‘स्वान’, टोकं बोथट. रेव्हन जिंकणार हे तेव्हाच्या सिद्धांताप्रमाणे ठरलेलंच. निघालं काय? काही वेगांना रेव्हन बरी, काही वेगांना स्वान. म्हणजे ‘कोणता आकार चांगला’ या प्रश्नाला उत्तरच नव्हतं. आधी वेग सांगा, मग आकार सांगतो, असा तो प्रकार.

नकारात्मक निष्कर्ष कसा लिहायचा हे शिकायचं असेल तर हे उदाहरण बघा. फ्रूडने ‘माझा प्रयोग फसला’ असं म्हटलं नाही. प्रश्न चुकीचा विचारला जातोय, हे त्याने दाखवलं. पुढे ब्रिटिश नौदलाच्या पैशातून टॉर्की इथे घराजवळ लांबलचक पाण्याची टाकी बांधली, मेणाच्या प्रतिकृती केल्या आणि १८७२ पासून त्या ओढून प्रतिरोध मोजायला सुरुवात केली. ‘ग्रेहाउंड’ हे खरंखुरं जहाज दुसऱ्या जहाजाने ओढून त्याच्याशी आकडे पडताळले. लहान प्रतिकृतीवरून मोठ्या जहाजाचं भाकीत करायचं तर वेग भागिले लांबीचं वर्गमूळ ही राशी दोन्हींत सारखी ठेवावी लागते. यातून आलेली फ्रूड संख्या आपण एम.एस्सी.ला नुसती पाठ करतो.

ती वापरून एक हिशोब करूया. पवनचक्क्यांकडे जाणारी छोटी बोट साधारण २४ मीटर लांब धरा. फ्रूड संख्या ०.४ च्या आसपास गेली की साधी बोट स्वतःच्याच लाटेत अडकते. गुरुत्वीय त्वरण ९.८१ धरलं तर हा वेग निघतो सेकंदाला सुमारे ६.१ मीटर, म्हणजे जवळपास १२ नॉट. पण या बोटी २० ते २५ नॉटने जातात! म्हणून त्यांना साधा पोटाचा आकार चालत नाही. दोन सडपातळ पोटं आणि वर आडवा डेक असलेली कॅटमरान वापरावी लागते. एवढं फ्रूडकडून थेट आलं.

फ्रूडचा छेद होता अंतर. एक मैल जायला किती बळ, किती कोळसा. मालवाहू जहाजासाठी हा छेद अगदी योग्य. पुढची शंभर वर्षं जहाजांची कार्यक्षमता म्हणजे हेच होतं, आणि आजही बऱ्याच शोधनिबंधांत हेच असतं.

छेद बदलणारा दुसरा माणूस जहाजबांधणीतला नव्हताच. वॉल्टर मंक हा समुद्रशास्त्राचा तरुण विद्यार्थी. वयही आपल्यासारखंच, पंचविशीतलं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्य उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उतरायची तयारी करत होतं. मंकच्या लक्षात आलं की सरावाच्या वेळी लाटा वाढल्या की सैनिक उतरवायच्या बोटी आडव्या होतात आणि सराव थांबवतात. मग त्याने आफ्रिकेच्या त्या किनाऱ्यावर हिवाळ्यात लाटा किती असतात ते शोधलं. बहुतेक दिवस त्या मर्यादेच्या वर! मंक आणि त्याचे मार्गदर्शक हाराल्ड स्वेर्द्रुप यांनी मिळून लाटांचा अंदाज बांधायची पद्धत काढली. तीच पुढे जून १९४४ मध्ये नॉर्मंडीच्या वेळी कामी आली.

याच कामातून ‘सिग्निफिकंट वेव्ह हाइट’ ही राशी आली. नोंदलेल्या लाटांपैकी सर्वांत उंच एक-तृतीयांश लाटा घ्यायच्या आणि त्यांची सरासरी काढायची. एक-तृतीयांशच का? कारण अनुभवी नावाड्याला ‘आज लाट किती?’ विचारलं तर तो जी उंची सांगतो ती या सरासरीशी जुळते. गणिताने माणसाच्या नजरेशी केलेली तडजोड म्हणा ना. मला ही गोष्ट फार आवडते. आपल्याकडे विज्ञानाचे विद्यार्थी अनुभवी माणसाच्या अंदाजाला ‘डेटा’ मानायला कचरतात.

मंकचा प्रश्न असा होता : किती दिवस काम करता येईल? छेदात अंतर नाही, छेदात दिवस. आजही समुद्री पवनचक्कीवर माणूस उतरवायचा का, हे याच राशीवरून ठरतं. साध्या बोटीसाठी मर्यादा साधारण दीड मीटर.

आता आपल्या समुद्राकडे येऊ. महाराष्ट्राच्या किनाऱ्यासमोर पवनचक्क्या नाहीत, पण समुद्रात उभ्या असलेल्या पोलादी मनोऱ्यांना वर्षानुवर्षं सेवा देण्याचा अनुभव आपल्याकडे चांगला पन्नास वर्षांचा आहे. मुंबई हाय. फेब्रुवारी १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या जपानी बनावटीच्या रिगने तिथे तेल शोधलं आणि मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर, पाण्याची खोली ७५ मीटरच्या आसपास. उत्तर समुद्रातले कित्येक पवनऊर्जा प्रकल्प यापेक्षा किनाऱ्याच्या जवळ आहेत. माणसं जायची मुख्यतः जुहूहून हेलिकॉप्टरने. पाइप, सिमेंट, डिझेल, पिण्याचं पाणी, भाजीपाला हे सगळं न्हावा इथल्या तळावरून जहाजाने.

मनोऱ्याशेजारी जहाज स्थिर ठेवणं हे स्वतंत्र शास्त्र आहे. नांगर टाकावा तर खाली पाइपलाइनचं जाळं. म्हणून चारी बाजूंनी छोटे पंखे लावून संगणकाने जहाज एका जागी धरून ठेवतात. याला ‘डायनॅमिक पोझिशनिंग’ म्हणतात. याची सुरुवात १९६१ ची. ‘कस १’ नावाचं जहाज साडेतीन किलोमीटर खोल पाण्यावर चार पंख्यांनी, हाताने नियंत्रण करत, एका जागी धरलं होतं. पृथ्वीच्या कवचाला भोक पाडायच्या ‘मोहोल’ प्रकल्पासाठी. आणि त्या प्रकल्पाची कल्पना मांडणाऱ्यांत पुन्हा आपला वॉल्टर मंकच!

इथे फ्रूडचा छेद गडबडतो. जहाज एका जागी उभं आहे, इंजिन चालू आहे, इंधन जळतंय आणि अंतर शून्य. इंधन भागिले अंतर काढलं तर उत्तर अनंत. भौतिकशास्त्रात उत्तर अनंत आलं की आपण समजतो, सूत्र त्याच्या हद्दीबाहेर वापरलंय. इथेही तेच.

मुंबई हायच्या इतिहासातला सगळ्यात वाईट दिवस याच ‘अंतर शून्य’च्या टप्प्यात घडला. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, ते सगळ्यांना आठवतं. दुसऱ्या दिवशी, २७ जुलैला, ‘समुद्र सुरक्षा’ या बहुउद्देशीय जहाजावरच्या एका स्वयंपाक्याच्या बोटांना जखम झाली. खराब हवामानामुळे मुंबईहून हेलिकॉप्टर येऊ शकत नव्हतं. म्हणून त्याला क्रेनच्या टोपलीतून मुंबई हाय नॉर्थ या प्लॅटफॉर्मवर चढवायचं ठरलं. वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूची क्रेन बंद होती, त्यामुळे जहाज वाऱ्याच्या बाजूने जवळ न्यावं लागलं. म्हणजे वारा आणि लाटा जहाजाला मनोऱ्याकडेच ढकलत होत्या. जहाजाच्या पंख्यांच्या नियंत्रणात अडचण होती. जखमी माणूस वर पोहोचला. पण दूर निघताना जहाज लाटेवर उचललं गेलं आणि त्याचा हेलिपॅड प्लॅटफॉर्मच्या वायू वाहून नेणाऱ्या उभ्या पाइपवर आदळला. वायू सुटला, पेटला. दोन तासांत प्लॅटफॉर्म संपला. तिथल्या ३८४ लोकांपैकी ३६२ वाचले, २२ गेले. ‘समुद्र सुरक्षा’वर त्या वेळी सहा पाणबुडे दाबकक्षात होते. त्यांना असं सहज बाहेर काढता येत नाही, दाब हळूहळू कमी करावा लागतो. सुमारे ३६ तासांनी त्यांची सुटका झाली आणि पुढे ते जहाजही बुडालं. २००८ मध्ये समुद्रातल्या तेल-वायू कामांच्या सुरक्षेचे स्वतंत्र नियम देशात आले.

ही घटना मी सनसनाटीसाठी सांगत नाही. न्हाव्यापासून मुंबई हायपर्यंतच्या १६० किलोमीटरपेक्षा शेवटचे दहा मीटर जास्त अवघड असतात, हे यातून जेवढं स्पष्ट दिसतं तेवढं कोणत्याही आलेखातून दिसत नाही. पवनचक्क्यांच्या जहाजांवरचं गेल्या वीस वर्षांतलं बरंचसं संशोधन या दहा मीटरांवरच आहे.

समुद्रातला पहिला पवनऊर्जा प्रकल्प १९९१ चा, डेन्मार्कमधल्या व्हिंडेबीचा. ४५० किलोवॅटच्या ११ चक्क्या, किनाऱ्यापासून दीड ते तीन किलोमीटर. साध्या बोटीने जा आणि चढा. सेवा-जहाज नावाची वेगळी जात तेव्हा लागलीच नाही. २०१७ मध्ये तो उतरवला. मग २००२ मध्ये डेन्मार्कच्याच पश्चिमेला, मोकळ्या उत्तर समुद्रात, हॉर्न्स रेव्ह उभा राहिला. दोन मेगावॅटच्या ८० चक्क्या. दोनच वर्षांत ट्रान्सफॉर्मर आणि जनरेटरच्या बिघाडांमुळे सगळ्याच्या सगळ्या चक्क्यांची डोकी, म्हणजे नॅसेल, उतरवून किनाऱ्यावर दुरुस्तीला आणावी लागली. माळावर जे काम कंटाळवाणं असतं ते समुद्रात किती महाग पडतं, याचा धडा उद्योगाला इथे मिळाला.

यानंतर डझनभर माणसं नेणाऱ्या वेगवान कॅटमरान बोटींचा जमाना आला. यांची पद्धत बघण्यासारखी आहे. चक्कीच्या खांबाला दोन उभे जाड पाइप असतात, मधे शिडी. बोटीच्या नाकावर जाड रबर. बोट ते रबर पाइपांवर टेकवते आणि इंजिनाने पुढे रेटत राहते. रबर आणि पोलाद यांच्यातल्या घर्षणामुळे बोटीचं नाक वरखाली होणं थांबतं, आणि तेवढ्या वेळात तंत्रज्ञ शिडीवर पाय टाकतो. अकरावीतलं घर्षण : अभिलंब बळ गुणिले गुणांक. लाटेचं उभं बळ यापेक्षा वाढलं की बोट अचानक सटकते. म्हणजे इथे इंजिनाचं काम पुढे जाणं नाही, नुसतं रेटणं आहे. दीड मीटरची मर्यादा बहुतांशी इथूनच येते.

याच बोटींच्या वेगाचा एक हिशोब करून बघा, म्हणजे छेदाचा मुद्दा पक्का होईल. जायचं अंतर ४० सागरी मैल. २४ नॉटने गेलं तर एक तास चाळीस मिनिटं, २० नॉटने गेलं तर दोन तास. शक्ती वेगाच्या घनाप्रमाणे वाढते असं ढोबळ धरलं (या वेगात ते तंतोतंत खरं नाही, पण दिशा बरोबर आहे), तर मैलामागे इंधन जवळपास ३० टक्के वाचतं. सुंदर! आता बोटीत १२ तंत्रज्ञ आहेत. प्रत्येकाची जाताना २० आणि येताना २० मिनिटं जास्त गेली. एकूण आठ तास. म्हणजे रोज एका माणसाचा पूर्ण दिवस समुद्रात विरघळला. इंधनाच्या छेदाने ही सुधारणा, मनुष्यबळाच्या छेदाने नुकसान. कोणता निबंध बरोबर? दोन्ही. म्हणून तर निबंधाच्या पहिल्या पानावर छेद लिहायचा असतो.

आणि पोहोचलेला माणूस कामाचा असतो का? ओकून बेजार झालेला तंत्रज्ञ शंभर मीटर शिडी चढून बोल्ट कसणार कसा? १९७४ मध्ये ओ’हॅनलन आणि मॅककॉली यांनी माणसांना यांत्रिक खोलीत बसवून वरखाली हलवलं आणि कोणत्या वारंवारितेला किती जण ओकतात ते मोजलं. सगळ्यात वाईट आकडा ०.२ हर्ट्झच्या जवळ निघाला, म्हणजे साधारण पाच-सहा सेकंदांना एक हेलकावा. छोट्या बोटींना समुद्रात नेमका असाच हेलकावा मिळतो. हा प्रयोग पन्नास वर्षं जुना आहे, पण बोटींच्या अभ्यासात त्यावर उभारलेले निकष आजही वापरतात. कुणी विचारलं की जुने पेपर कशाला वाचायचे, तर मी हाच पुढे करते.

दहा मीटरांचं सगळ्यात देखणं उत्तर नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या तांत्रिक विद्यापीठातून आलं. २००२ मध्ये बर्लिनच्या एका पवनऊर्जा परिषदेत तिथल्या संशोधकांना कल्पना सुचली. विमान चालवायला शिकवणाऱ्या सिम्युलेटरची खोली सहा हायड्रॉलिक दांड्यांवर उभी असते आणि स्थिर जमिनीवर उभं राहून हलण्याचा भास देते. याला स्ट्युअर्ट प्लॅटफॉर्म म्हणतात. मग हेच उलटं केलं तर? खालचं जहाज हलतंय, दांड्या नेमक्या उलट्या हलवल्या तर वरचा मजला स्थिर राहील. यान फान डर टेम्पेल आणि सहकाऱ्यांनी याला नाव दिलं ‘अँपेलमान’, पूर्व बर्लिनच्या सिग्नलवरच्या टोपीवाल्या चालत्या माणसावरून. २००७ च्या सुमारास समुद्रावर चाचण्या झाल्या आणि मग कंपनी निघाली. स्थिर मजल्यावरून पूल टाकायचा आणि चालत जायचं. लाटांची मर्यादा दीड मीटरवरून अडीचपर्यंत गेली. जुनी कल्पना, तिचा उलटा वापर, विद्यापीठातलं काम. असं उदाहरण मार्गदर्शकाला सांगून बघा, खूश होतील. ब्रिटनच्या कार्बन ट्रस्टने २०१० मध्ये याच प्रश्नावर स्पर्धा लावली तेव्हा साडेचारशेच्या आसपास कल्पना आल्या, त्यातल्या १३ पुढे निवडल्या. बाकीच्या चारशेवर कल्पनांचं काय झालं असेल, असा विचार कधीकधी येतो.

पुढची पायरी म्हणजे रोज ये-जा करायचीच नाही. जहाजच समुद्रात दोन-चार आठवडे मुक्काम करील, तंत्रज्ञ तिथेच झोपतील, सकाळी पुलावरून चक्कीवर जातील. शेतात वस्ती करून राहिल्यासारखं. २०१५ मध्ये सीमेन्ससाठी खास बांधलेली अशी दोन जहाजं आली. ८४ मीटरच्या आसपास लांब, साठ माणसांची सोय. एकाचं नाव ‘एस्वाग्ट फॅरेडे’ आणि दुसऱ्याचं ‘एस्वाग्ट फ्रूड’. म्हणजे ज्याने मैलामागचा प्रतिरोध मोजला, त्याचं नाव अशा जहाजाला मिळालं जे दिवसाचा बराच वेळ जागेवरच उभं असतं. नाव ठेवणाऱ्यांना ही गंमत कळली होती की नाही कोण जाणे. पण अगदीच अन्याय नाही, कारण डुलण्याचा अभ्यासही फ्रूडचाच.

बॅटरी, मिथेनॉल, समुद्रातच चार्जिंग यांवरही आता खूप काम चालू आहे. त्यावर वेगळं लिहीन. इथे एवढंच की जागेवर उभं राहताना भार सतत कमीजास्त होतो, आणि बॅटरीचा खरा फायदा तिथे आहे.

जहाज कोणतं घ्यायचं, किती घ्यायची, कुठल्या चक्कीवर आधी जायचं, हा मग गणिताचा प्रश्न होतो. १९५९ मध्ये डँटझिग आणि रॅमसर यांनी पेट्रोलपंपांना ट्रक कसे पाठवावेत यावर निबंध लिहिला, त्याचीच ही नातवंडं. २०१५ मध्ये वेगवेगळ्या गटांनी आपापली संगणकीय प्रारूपं एकाच कल्पित प्रकल्पावर, ८० चक्क्यांच्या, चालवून उत्तरं शेजारी ठेवली. फरक आले, आणि ते कुठल्या गृहीतकामुळे आले हेही त्यांनी लिहिलं. मला हा निबंध वाचनीय वाटतो, कारण कुणाचं प्रारूप श्रेष्ठ हे सांगायचा त्यात आटापिटा नाही.

आता भारताचा प्रश्न. २०१५ मध्ये समुद्री पवनऊर्जा धोरण आलं, २०१७ मध्ये खंभातच्या आखातात वारा मोजायला लायडार बसवला आणि जून २०२४ मध्ये केंद्राने ७,४५३ कोटींची योजना मंजूर केली. गुजरात ५०० मेगावॅट, तामिळनाडू ५०० मेगावॅट. युरोपचे सगळे आकडे आपण तयार उचलणार, हे उघड आहे. इथेच मला धोका दिसतो.

आपल्या पश्चिम किनाऱ्यावर समुद्राचं वर्ष दोन तुकड्यांचं आहे. कोळी बांधव नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देऊन होड्या बाहेर काढतात. सरकारची मासेमारी बंदीही १ जून ते ३१ जुलै. पावसाळ्यात बाहेरच्या समुद्रात तीन-चार मीटरच्या लाटा सहज असतात. हिवाळ्यात तोच समुद्र शांत. खंभातला वर भरती-ओहोटीचा प्रचंड फरक आणि त्याचे जोरदार प्रवाह.

दोन कल्पित समुद्र घ्या. पहिल्यात बाराही महिने ७० टक्के दिवस कामाचे. दुसऱ्यात आठ महिने ९५ टक्के आणि चार महिने २० टक्के. दुसऱ्याची वर्षाची सरासरी काढा : ७६० अधिक ८०, भागिले १२. बरोबर ७०. अहवालात दोन्ही समुद्र सारखे!

आता समजा एका दुरुस्तीला सलग दोन दिवस लागतात. रोजचा दिवस स्वतंत्र धरला आणि कामाचा दिवस मिळायची शक्यता ‘प’ मानली, तर सलग दोन दिवस मिळून काम संपायला सरासरी (१ + प) भागिले प-वर्ग इतके दिवस लागतात. हे सूत्र स्वतः काढून बघा, पेटच्या तयारीलाही उपयोग होईल. पहिल्या समुद्रात उत्तर येतं साडेतीन दिवस. दुसऱ्यात पावसाळ्यात : १.२ भागिले ०.०४, म्हणजे ३० दिवस. पुलाचं जहाज आणून ती शक्यता २० वरून ४० टक्के केली तर ३० चे होतात जवळपास नऊ. शक्यता दुप्पट, थांबणं तिपटीने कमी. (खरे खराब दिवस एकमेकांना चिकटून येतात, त्यामुळे प्रत्यक्ष आकडे वेगळे निघतील. पण ते स्वतंत्र धरून काय होतं, हे आधी कळायला हवं.)

आणि वारा कधी असतो? याच चार महिन्यांत. आठ मेगावॅटची चक्की पावसाळ्यात निम्म्या क्षमतेने चालते असं धरा. दिवसाला ९६,००० युनिट. ३० दिवस बंद म्हणजे जवळपास २९ लाख युनिट गेले. ऐन पेरणीत ट्रॅक्टर बंद पडावा तसं. याच्यासमोर बोटीच्या डिझेलमधली ३० टक्के बचत ठेवून बघा. म्हणून माझं मत असं की आपल्याकडे सेवा-जहाजाची कार्यक्षमता ‘पावसाळ्यातल्या बंद दिवसांमागे’ मोजली पाहिजे. वार्षिक सरासरीवर बेतलेली जहाजं इथे आठ महिने गरजेपेक्षा भारी आणि चार महिने अपुरी पडतील.

यावर काम करायचं तर समुद्रकिनारी जन्मायची गरज नाही. लाटांच्या तासागणिक नोंदी, थोडं संभाव्यताशास्त्र, थोडं प्रोग्रामिंग. पुण्याजवळ खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात बंदरांच्या प्रतिकृतींवर लाटा सोडून अभ्यास करतात. संधी मिळाली तर तिथे जरूर जा. आणि मुंबई हायवर पावसाळे काढलेला कुणी निवृत्त माणूस भेटला तर त्याला विचारा, जून ते सप्टेंबर जहाज किती दिवस मनोऱ्याला लागायचं. मंकने नावाड्यांना विचारलं होतं तसं.

त्या ७,४५३ कोटींमधले ६०० कोटी दोन बंदरांच्या सुधारणेसाठी आहेत. धक्का किती लांब आणि किती खोल बांधायचा हे त्याला लागणाऱ्या जहाजावर ठरतं. २४ मीटरची कॅटमरान की ८४ मीटरचं मुक्कामी जहाज, हे आधी ठरवावं लागेल. काँक्रीट एकदा ओतलं की छेद बदलता येत नाही.